काउगर्लची गवळण करू नका

एका वाचकाने विचारलंय की ‘काउगर्ल’ला (घोड्यावरून गुरं हाकणारी अमेरिकन बाई) मराठीत ‘गवळण’ म्हणता येईल का, कारण ‘रोडिओच्या मैदानातल्या गवळणी’ असा मथळा त्यांनी कुठल्याशा पुरवणीत वाचला. मीही वाचला. (रोडिओ म्हणजे अमेरिकेतले घोड्या-बैलांवरच्या कसबाचे सामने.) हातातला चहा गार झाला.

गवळण म्हटलं की डोक्यावर माठ, मथुरेचा बाजार आणि वाटेत आडवा आलेला कान्हा. ओक्लाहोमाची ल्यूसिल मलहॉल (जन्म १८८५) भरधाव घोड्यावरून फास टाकून बैल लोळवायची आणि खाली उडी मारून त्याचे पाय करकचून बांधायची. तिच्या वाटेत आडवं यायची कान्ह्याची काय बिशाद! ‘काउगर्ल’ हा शब्द हिच्यासाठीच घडवला, असं अनेक जण छातीठोकपणे लिहितात. ते खोटं आहे. ही घोड्यावर बसायला शिकण्याच्या आधीपासून तो छापात आहे.

‘गुराखीण’ही नको. पाटलीण म्हणजे पाटलाची बायको. ‘-ईण’ लागला की मराठी कान आधी नवरा शोधतो.

पण खरी गंमत ‘काउगर्ल’मध्ये नाहीच, ती ‘रोडिओ’त आहे. ‘रेडिओ’शी यमक जुळतं म्हणून त्याला यंत्र समजणारे लोक मला भेटलेत. स्पॅनिशमध्ये ‘रोदेआर’ म्हणजे वेढणे, भोवती फिरणे. माळावर पांगलेली गुरं वेढून एका जागी आणायची, तो रोदेओ. त्याच्या मुळाशी ‘रुएदा’, म्हणजे चाक. त्याची आई लॅटिन ‘रोटा’ (रोटरी क्लबातला रोटरी हाच, रोटी मात्र नव्हे, कृपया). आणि या रोटाचं सख्खं भावंड कोण? आपला ‘रथ’! मुळात रथ म्हणजे चाकं असलेला. टेक्सासातला माणूस रोडिओला निघतो आणि आपण रथसप्तमी करतो, तेव्हा दोघांच्या तोंडी एकच धातू घोळत असतो.

एक विद्वान स्नेही रोडिओचा संबंध ‘रहाटा’शी लावतात. रहाटही फिरतो, हे मान्य. पण तो ‘अरघट्ट’वरून आलाय. फिरणारं सगळं एकाच घरातलं असतं, तर भोवऱ्यालाही आडनाव रोटे लागलं असतं.

आता माझा लाडका सिद्धान्त. १९२९ साली ओरेगनमधल्या पेंडलटनच्या मैदानात बॉनी मॅकॅरल घोड्याखाली सापडली आणि काही दिवसांनी गेली. घोड्याच्या पोटाखालून रिकिबी एकमेकींना बांधायच्या, ही ‘सोय’ खास बायकांसाठी होती. पडताना पाय सुटेना. पेंडलटनने मग रिकिबी सोडल्या नाहीत, बायकांचा उधळ्या घोड्यांवरचा खेळच बंद केला. पुढे १९४८ मध्ये टेक्सासात सॅन अँजेलोला ३८ जणींनी स्वतःची संघटना काढली. आज बायकांचा म्हणून ओळखला जाणारा खेळ म्हणजे बॅरल रेसिंग: तीन पिंपं त्रिकोणात मांडायची आणि प्रत्येकाला घोड्याची फेरी घालून सुसाट परत यायचं. म्हणजे ‘भोवती फिरणे’ हा मूळ अर्थ पाळतं कोण? पुरुष आठ सेकंद बैलाच्या पाठीला चिकटून बसतात. त्यात रोदेआर कुठे आहे? हा योगायोग आहे, असं वरचे स्नेही म्हणतील. म्हणोत.

१९८५च्या अमेरिकेतल्या राष्ट्रीय रोडिओच्या अंतिम स्पर्धेत बॅरल रेसिंगवाली शार्मेन जेम्स हिच्या स्कॅम्पर या घोड्याचा लगाम ऐन शर्यतीत निसटला. घोड्याने तसाच फेरा पुरा केला आणि त्या फेरीत ती पहिली आली. तिची सलग दहा विश्वविजेतेपदं (१९८४ ते १९९३) याच घोड्यावरची.

हां, प्रश्न. काउगर्लला काउगर्लच म्हणा. अगदीच मराठी हवं असेल तर ‘गुराखी’ चालेल, ‘ती गुराखी’. आपण ‘ती डॉक्टर’ म्हणतोच की.