नाटकाच्या दौऱ्यावर पहिल्यांदाच बॅकस्टेजला जातोय. काम कसं असतं, काय तयारी ठेवू?

कोल्हापूर, सांगली, पणजी असा तुमचा दौरा आहे आणि सेट बसमधूनच जाणार आहे, असं तुम्ही लिहिलंय. मग सगळ्यात आधी बसमध्ये सामान भरायचा क्रम पाठ करा. बाकीची बरीच कामं त्याच्या मागून येतात.

नाट्यगृहावर पोचलं की पहिल्यांदा लाइट टांगायचे, कारण सेट उभा राहिल्यावर शिडी फिरवायला जागा उरत नाही. म्हणजे लाइटच्या पेट्या बसमधून आधी उतरल्या पाहिजेत, आणि त्यासाठी त्या शेवटी चढवायच्या. याला आणखी एक कारण आहे. प्रयोग संपतो तेव्हा हॅलोजन दिव्याची आतली तार तापून नाजूक झालेली असते. त्याच क्षणी दिवा खाली काढून आपटला की तार तुटते. १५-२० मिनिटं लाइट टांगलेलेच राहू द्या. तोवर प्रॉपर्टी (नाटकात वापरायच्या वस्तू), मग फर्निचर, मग फ्लॅट (सेटच्या भिंतींच्या चौकटी) आणि लेव्हल (उंचवट्यासाठीचे चौथरे) बसमध्ये जातात. नवा दिवा बसवताना काचेला उघडं बोट लावू नका, फडक्याने धरा. बोटाचं तेल लागलं तिथे काच जास्त तापते आणि दिवा लवकर जातो.

विजेचा हिशोब स्वतः करा. २३० व्होल्टवर १००० वॅटचा एक लाइट सव्वाचार अँपिअरहून थोडा जास्त घेतो. १५ अँपिअरच्या सॉकेटवर असे तीनच लावा. चौथा लावला की १७ च्या वर जातं. फ्यूज लगेच उडेलच असं नाही. आधी पिन आणि वायर तापते आणि भर प्रवेशात अर्धा रंगमंच अंधारात जातो.

प्रत्येक रंगमंचाची रुंदी, खोली वेगळी. म्हणून सेट कडेपासून लावायला घेऊ नका. रंगमंचाचा मध्य खडूने आखा आणि तिथून दोन्ही बाजूंना मोजत जा. लहान रंगमंचावर कुठला फ्लॅट गाळायचा हे दिग्दर्शकाकडून निघण्यापूर्वीच ठरवून घ्या. ऐन वेळी गाळला तर नेमकं नटाचं येण्याजाण्याचं दार अडतं. फ्लॅटच्या मागे नंबर घालून ठेवा. पावसाळ्यात प्लायच्या कडा फुगतात आणि बिजागरीची पिन बसत नाही, त्यामुळे ताडपत्री हवीच. जादा पिना आणि नटबोल्ट वेगळ्या डब्यात ठेवा. पाना, हातोडी, नायलॉनची दोरी, काळी कापडी टेप आणि बॅटरी मात्र पेटीत नको, अंगावरच असू द्या.

प्रॉपर्टीच्या पेटीच्या झाकणाला आतून यादी चिकटवा. भरताना आणि उतरवताना दोन्ही वेळा तिच्यावर खूण करा. काचेचा पेला, कपबशी यांचे दोन-दोन नग जादा घ्या, कारण पणजीकडे घाट उतरताना वळणावर पेट्या सरकतात. नाटकात खाल्ला जाणारा पदार्थ त्या त्या गावी दुपारीच आणून ठेवा, रात्री दुकान उघडं असेलच असं नाही.

घामाने भिजलेले कपडे पेटीत बंद करू नका. बसमध्ये दोरी बांधून वाळत टाका, नाहीतर दुसऱ्या दिवशी वास येतो आणि दमट हवेत बुरशीचे काळे डागही पडतात. इस्त्री आणि कपडेपट सेटच्या मागे अडकू देऊ नका, पुढेच ठेवा.

साडेआठचा प्रयोग साधारण अकराच्या पुढे संपतो, आवरायला तास-दीड तास, मग जेवण. झोप बसमध्येच मिळते. कोल्हापूर-सांगली जवळ आहे, तिथे अंग टेकायला वेळ मिळेल तेवढा घ्या. पणजीच्या आदल्या रात्री तो मिळणार नाही. प्रयोगाआधी पाचच्या सुमारास थोडं खाऊन घ्या, उपाशीपोटी शिडीवर चढणं धोक्याचं आहे.

नाईट (म्हणजे एका प्रयोगाचे पैसे) किती, भत्ता वेगळा की त्यातच, आणि एका दिवशी दोन प्रयोग झाले तर दोन नाईट धरणार का, हे व्यवस्थापकांना बस सुटण्यापूर्वी स्पष्ट विचारा. विचारण्यात संकोच नको, अनुभवी मंडळीही विचारतात.