कपाटावरची बॅग आणि इतर राहिलेली कामं

मागच्या अंकात रोजच्या सवयींबद्दल थोडंसं लिहिलं होतं, त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की वाचायलाच आठवडा गेला. बहुतेकांचं दुखणं एकच, कळतंय पण वळत नाही. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही म्हणून तीन पत्रं घेतलीत, जरा छोटी करून, आणि नावं काढून टाकलीत.

प्रश्न: ताई, मी नाशिकला एका कंपनीत अकाउंट्सला आहे, वय ३६. ऑफिसात माझं एकही काम पेंडिंग नसतं, जीएसटी रिटर्न असो की पगारपत्रक, तारखेच्या आधी तयार. पण बाबांना जाऊन चौदा महिने झाले आणि त्यांच्या कागदांची रेक्झिनची बॅग अजून कपाटावर तशीच आहे. बँकेत क्लेम करायचाय, गावच्या दीड एकरावर वारस नोंद लावायचीय. आई काही बोलत नाही, पण तिचे पैसे अडकलेत हे मला कळतं. एकदा बॅग उघडली होती, वरतीच पासबुक होतं, मागच्या पानावर बाबांनी निळ्या पेनाने लिहिलेलं, लाइट बिल भरले, दूधवाला २४० बाकी. लगेच बंद करून ठेवली. दर रविवारी ठरवतो आज बसायचंच, मग गाडी धुतो, पाण्याची टाकी साफ करतो, मुलीचा प्रोजेक्ट करून देतो आणि संध्याकाळ होते. बायको म्हणते नुसता आळस आहे. आता मलाही तसंच वाटायला लागलंय.

उत्तर: दादा, जो माणूस रविवारी टाकीत उतरून ती घासतो त्याला आळशी म्हणायला मी तयार नाही. तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या निळ्या पेनापाशी थांबले. तुम्ही कामापासून पळत नाही आहात, ते पान डोळ्यासमोर आल्यावर छातीत जे होतं त्यापासून पळताय. जीएसटी रिटर्नमध्ये कुणाचं अक्षर नसतं, म्हणून ते वेळेत होतं.

हे मी नुसतं तुमची समजूत काढायला म्हणत नाहीये. कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठात टिमोथी पिचिल यांनी वर्षानुवर्षं चालढकलीवरच काम केलं, आणि २०१३ मध्ये त्यांनी फ्युशिया सिरोइस यांच्यासोबत हेच मांडलं, की चालढकल म्हणजे वेळेचं गणित चुकणं नव्हे, तर नकोशी भावना त्या घडीपुरती टाळणं. काम पुढे ढकललं की लगेच सुटल्यासारखं वाटतं ना, ते वाटणंच मनाला पुढच्या रविवारी पुन्हा तेच करायला लावतं. त्यात कुणी आळशी म्हटलं की बॅगेला दुःखाबरोबर अपराधीपणाही चिकटतो, आणि मग ती आणखी जड होते. हे पत्र वहिनींनाही वाचायला द्या, त्या काळजीनेच बोलत असणार, पण हा शब्द इथे उपयोगाचा नाही.

माझी आई गेल्यावर तिच्या गोळ्यांचा स्टीलचा डबा मी पाच महिने फ्रिजवरून हलवला नव्हता. गोळ्यांची एक्सपायरी होऊन गेली तरी नाही. शेवटी मावशी आली, तिने डबा खाली घेतला, आम्ही दोघी ओट्याशी बसून एकेक पाकीट काढत गेलो, मधेच रडलो, आणि अर्ध्या तासात झालं. म्हणून पहिली गोष्ट, बॅग तुम्ही एकट्याने उघडू नका. वहिनींनी उघडू दे किंवा बहीण असेल तर तिला बोलवा, तुम्ही शेजारी बसा. आणि त्या दिवशी फॉर्म भरायचा नाही, बँकेत जायचं नाही, फक्त बँकेचे कागद एकीकडे, जमिनीचे एकीकडे आणि बाबांचं अक्षर असलेलं सगळं तिसरीकडे. पासबुकाच्या त्या मागच्या पानाचा आधी चांगल्या उजेडात फोटो काढा, झेरॉक्सही काढा. बँकेने पासबुक जमा करून घेतलं तरी ते अक्षर तुमच्याकडे राहील. मला वाटतं निम्मी भीती तिथेच आहे, की हे काम झालं म्हणजे बाबांचं जे उरलंय तेही हातातून जाईल.

दुसरं, "या महिन्यात करतो" असं ठरवू नका, ते ठरवणं नव्हेच. पीटर गोल्विट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी जर्मनीत विद्यार्थ्यांना नाताळच्या सुट्टीत एक रिपोर्ट लिहायला सांगितला होता, ज्यांनी कधी आणि कुठे बसून लिहिणार ते आधीच पक्कं केलं त्यांच्यातल्या दोन तृतीयांशाहून जास्त जणांनी तो वेळेत पूर्ण केला, आणि ज्यांनी नुसतं लिहू म्हटलं त्यांच्यात एक तृतीयांशाच्या आसपासच. तर तुमचं वाक्य असं असू दे: महिन्याच्या पहिल्या शनिवारी नाश्ता झाला की चपला घालायच्या आणि आईला घेऊन बँकेत जायचं. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँक बंद असते, तेवढं बघा.

आता कामाचं बोलू, कारण न पाहिलेलं काम नेहमी जास्त मोठं वाटतं. खात्याला आईचं नॉमिनेशन असेल तर मृत्यूचा दाखला, क्लेम फॉर्म आणि आईचं ओळखपत्र, मुख्य कागद एवढेच. सगळे कागद पूर्ण मिळाल्यावर बँकेने १५ दिवसांत क्लेम निकाली काढावा असं रिझर्व्ह बँकेचं सांगणं आहे. नॉमिनेशन नसेल तर कागद वाढतात, पण होतं. चौदा महिन्यांत पैसे कुठे जात नाहीत. दहा वर्षं कुणी खात्याला हात लावला नाही तर ते रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात, आणि तिथूनही वारसांना मागता येतात.

जमिनीचं म्हणाल तर वारसाची खबर तीन महिन्यांत तलाठ्याकडे द्यावी असा नियम आहे, पण उशीर झाला म्हणून वारसाचा हक्क बुडत नाही. अर्ज, मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावं लिहिलेलं प्रतिज्ञापत्र द्यायचं, मग नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस असतात आणि त्यानंतर मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात. अर्ज ई-हक्क या सरकारी पोर्टलवर ऑनलाइनही करता येतो. आणि एक आवर्जून सांगते, वारसांत आईचं आणि बहिणींचं नाव लावा, लग्न झालेल्या बहिणीचंसुद्धा. कुणी "तिचं कशाला" म्हणालं तरी लावा.

प्रश्न: मी लातूरची, वय २५, पुण्यात एमपीएससीचा अभ्यास करतेय. दर सोमवारी नवीन टाइमटेबल बनवते, रंगीत पेनांनी, पहाटे पाचला उठणं, दहा तास अभ्यास, फोन बंद. २१ दिवसांचं चॅलेंज पाच वेळा सुरू केलं, सगळ्यात जास्त नऊ दिवस टिकलं. एक दिवस चुकला की सगळं संपल्यासारखं वाटतं, मग आठवडाभर अभ्यासिकेत पुस्तक उघडं ठेवून रील्स बघत बसते. घरून पैसे येतात त्याचं फार वाईट वाटतं. मी आरंभशूरच आहे का?

उत्तर: नाही गं, तू चुकीच्या फूटपट्टीने स्वतःला मोजतेयस. हे २१ दिवस कुठून आले माहितीये? मॅक्सवेल माल्ट्झ नावाचे एक अमेरिकन प्लास्टिक सर्जन होते, त्यांनी १९६० मध्ये लिहिलं की ऑपरेशननंतर पेशंटला आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान २१ दिवस तरी लागतात. पुढे लोकांनी त्यातला "किमान" काढून टाकला, चेहराही काढून टाकला, आणि उरलं ते तुझं चॅलेंज. फिलिपा लॅली यांनी लंडनमध्ये ९६ जणांवर १२ आठवडे प्रत्यक्ष अभ्यास केला तेव्हा सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात असं दिसलं, कुणाला १८ पुरले तर कुणाचा अंदाजाने पुढे काढलेला हिशोब २५४ पर्यंत गेला. त्याच अभ्यासात दिसलेली दुसरी गोष्ट तुझ्यासाठी जास्त महत्त्वाची आहे, एखादा दिवस चुकल्याने फारसं काही बिघडत नाही, सवय मुरायचं काम चालूच राहतं. म्हणजे तुझे नऊ दिवस वाया गेलेले नव्हते, दहाव्या दिवशी तू स्वतःला जे बोललीस त्याने पुढचा आठवडा गेला.

वर ज्यांचं नाव घेतलं त्या पिचिल यांच्या गटाने २०१० मध्ये पहिल्या वर्षाच्या ११९ विद्यार्थ्यांना परीक्षांच्या काळात तपासलं होतं. पहिल्या पेपरला टंगळमंगळ केली म्हणून ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी दुसऱ्या पेपरच्या वेळी चालढकल कमी केली. घरून पैसे येतात म्हणून स्वतःला रोज बोल लावलेस तर अभ्यास वाढेल असं तुला वाटत असेल, पण होतं नेमकं उलटं, बोल टाळायला मन रील्सकडे जातं.

सोमवारचं टाइमटेबल बंद कर. खरंच. ते बनवताना इतकं बरं वाटतं की अभ्यास झाल्यासारखंच वाटतं, आणि ती रंगीत पेनं तुला तिथेच थांबवतात. त्याऐवजी एकच खुंटी पकड: अभ्यासिकेतल्या खुर्चीत बसलं की पाण्याची बाटली डाव्या हाताला ठेवायची आणि मागच्या वर्षीच्या प्रश्नपत्रिकेचं एक पान सोडवायचं, बाकी काही बघायच्या आत. ते पान आदल्या रात्रीच वहीत खोचून ठेव, सकाळी "आज काय करू" हा प्रश्नच यायला नको, कारण त्या प्रश्नातच फोन हातात येतो. फोन सायलेंटवर टेबलावर नको, बॅगेत टाकून बॅग रॅकवर ठेव, किंवा मैत्रिणीचा तुझ्याकडे आणि तुझा तिच्याकडे. आणि चुकलेल्या दिवसासाठी वाक्य आत्ताच लिहून ठेव: सकाळ गेली तर मेसचं जेवण झाल्यावर तेच पान. पाचला उठायचं सध्या राहू दे, आत्ता सातला उठत असशील तर सातच.

घरी एकदा फोन करून सांग ना की अभ्यास मागे पडलाय आणि त्याचं टेन्शन येतं. पैशांचा विषय मनात ठेवून पुस्तक उघडलंस की पुस्तकाचीच धास्ती बसते.

प्रश्न: मी डोंबिवलीची, वय ६७. गुडघ्यांसाठी फिजिओथेरपीचे व्यायाम दिलेत, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबायचा वगैरे, दिवसातून दोनदा. वीस मिनिटं लागतात फक्त. पण सकाळी कामं, दुपारी डुलकी, रात्री उद्यापासून म्हणते. फिजिओथेरपी देणारी मुलगी विचारते काकू करता ना, मी हो म्हणते. तीन महिने झाले.

उत्तर: काकू, वीस मिनिटं मोकळी मिळायची वाट बघू नका, घर चालवणाऱ्या बाईला ती मिळत नाहीत. रोज न चुकता घडणाऱ्या गोष्टीला व्यायाम बांधा. तुम्ही कुकर लावून शिट्ट्यांची वाट बघत ओट्याशी उभ्या राहत असाल, त्याऐवजी पलंगावर पाय लांब करून बसा आणि शिट्ट्या होईस्तोवर टॉवेल दाबा, पाच-सात मिनिटं होतील, संध्याकाळच्या कुकरला पुन्हा. बाकीचे व्यायाम महिन्याभराने जोडा. टॉवेलची गुंडाळी करून रबरबँड लावा आणि उशाशीच राहू दे, कपाटात घडी करून ठेवलात की तो दिवस गेला. लंडनच्या त्या अभ्यासातही पाणी पिण्याची सवय लवकर लागली होती, व्यायामाची उशिरा, तेव्हा दोन महिन्यांनीही आठवण करून द्यावी लागली तर मनाला लावून घेऊ नका.

आणि त्या मुलीला पुढच्या वेळी खरं सांगा. तुम्ही तीन महिने हो म्हणताय, गुडघा आहे तसाच, म्हणजे तिला वाटत असणार की व्यायाम करूनही फरक पडत नाही. मग ती व्यायाम बदलेल, वाढवेल, कदाचित पुन्हा एक्स-रे काढायला लावेल. होत नाहीत असं सांगितलंत तर ती त्यातले दोन निवडून देईल, कुकरच्या शिट्ट्यांत बसतील असे.