नाशिकजवळ निवांत गाडी चालवावी असे डोंगरातले, माळावरचे रस्ते कोणते?

तुम्ही बदली होऊन नुकतेच नाशकात आला आहात. रविवारी गाडी काढायची आहे, डोंगर आणि मोकळे माळ बघायचे आहेत. सोबत आई आहेत, त्यांना चढउतार जमत नाही. आणि पोहोचायचं ठिकाण साधं असलं तरी चालेल, रस्ता मात्र सुंदर हवा, असं तुम्ही लिहिलंय. हे शेवटचं वाचलं आणि लगेच उत्तर लिहायला घेतलं.

माझे वडील एसटीत चालक होते. पेठ, हरसूल, मोखाडा या बाजूच्या फेऱ्या बरीच वर्षं त्यांच्याकडे होत्या. शाळेला सुट्टी लागली की मी त्यांच्या गाडीत पुढच्या सीटवर बसून जायचे, आणि पुढे गाडी चालवायला शिकले तीही याच घाटांत. त्यामुळे हे रस्ते मला घरच्यासारखे आहेत.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. नाशकातून पूर्वेला निघालात तर निफाडकडे सपाट रान, द्राक्षबागा, कांदा. डोंगर हवा तर पश्चिम धरायची. नाशिक शहरात वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पाऊस पडतो आणि 45 किलोमीटरवरच्या इगतपुरीत 3000 च्या वर. एवढ्याशा अंतरात झाडं, पिकं, घरांची छपरं, सगळं बदलत जातं, आणि ते बदलताना दिसतं फक्त रस्त्यावरून. त्र्यंबकचा ब्रह्मगिरी म्हणजे पाण्याची वाटणी. पूर्वेच्या उतारावरचं पाणी गोदावरीतून 1465 किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळतं, पश्चिमेचं वैतरणेतून अरबी समुद्राला. नाशिकजवळचे सगळ्यात देखणे रस्ते या वाटणीच्या आसपास आहेत. नकाशावर ही रेघ मनात धरलीत की रस्ते तुमचे तुम्हालाच सापडायला लागतील.

अर्धाच दिवस हाताशी असेल तर गंगापूर रोडने गिरणाऱ्याला जा. पुढे धोंडेगाव, उजवी-डावीकडे कश्यपी धरणाचं पाणी, मग वाघेरा घाट आणि खाली हरसूल. हा घाट मोठा नाही, पण मला तो कसाऱ्यापेक्षा जास्त आवडतो. कसाऱ्यात नजर सतत पुढच्या ट्रकवर असते. वाघेऱ्यात मध्येच इंजिन बंद करून थांबलात तर खालच्या पाड्यातला कोंबडा ऐकू येतो. वडील इथे हमखास सांगायचे, “ज्या गिअरमध्ये चढलीस त्याच गिअरमध्ये उतर.” उतारावर गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचवायला जाऊ नका. सारखा ब्रेक दाबून तो तापतो आणि नेमका हवा तेव्हा धरत नाही. आणि अरुंद वळणावर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा घाटाचा नियम आहे.

पूर्ण दिवस असेल तर मात्र माझा आवडता फेरा करा: नाशिक, त्र्यंबक, मोखाडा, खोडाळा, विहीगाव, कसारा, इगतपुरी आणि परत नाशिक. साधारण पावणेदोनशे किलोमीटर होतात. सकाळी सहाला निघा, म्हणजे त्र्यंबकची गर्दी जागी व्हायच्या आत तुम्ही पुढे गेलेले असाल. अंजनेरीच्या पायथ्याला जरा गाडी बाजूला घेऊन आईंना वर बघायला सांगा. त्या कड्यांत लांब चोचीची गिधाडं राहतात. अंजनेरीच्या पठारावर कंदीलपुष्पाची एक जात उगवते, तिला या डोंगराचंच नाव मिळालंय. ती बघायला वर चढावं लागतं, त्यामुळे आईंसोबत गिधाडंच बघा. ऊन चढून हवा तापली की ती पंख न हलवता घिरट्या घेतात, त्यामुळे सकाळी लवकर नाही दिसली तरी पुढे वाटेत मधूनमधून मान वर करून बघत राहा.

त्र्यंबक मागे टाकलं की अंबोली, मग तोरंगण घाट. इथून पुढे तुम्ही पालघर जिल्ह्यात, वारली, कोकणा, महादेव कोळी लोकांच्या मुलखात असता. उतारावर नागली, वरई आणि खुरासणी. सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत खुरासणी फुलते आणि डोंगराच्या डोंगर पिवळे होतात. फुलं बघायला लोक लांबलांब जातात, पण हे एक साधं तेलबियांचं पीक आहे, आणि त्याच्यासाठी मी दरवर्षी एक दिवस रजा टाकते.

मोखाड्याहून खोडाळ्याकडे वळलात की तुम्ही म्हणता तसा मोकळा माळ लागतो. आपल्याकडे माळ म्हटलं की लोकांना ओसाड जमीन वाटते. जरा उतरून पायाखाली बघा. काळ्या कातळावर बोटभर माती, तिच्यात साचलेलं पाणी, आणि त्या पाण्यात पांढरे गेंद, निळी सीतेची आसवं. सीतेची आसवं हे नाव किती नाजूक, आणि ही वनस्पती जमिनीतल्या बारीक पिशव्यांत सूक्ष्म जीव पकडून खाते! कातळावर मातीच एवढी कमी की नत्र मिळवायला तिला हा उद्योग करावा लागतो. म्हणून कळकळीने सांगते, गाडी माळावर उतरवू नका. चाकाच्या एका पट्ट्यात ती बोटभर मातीही निघून जाते. रस्त्याच्या कडेला लावा आणि चार पावलं चाला, तेवढं आईंनाही जमेल.

याच पट्ट्यात डांगी गाई रस्त्यावर बसलेल्या असतात. पांढऱ्या अंगावर काळे किंवा तांबूस ठिपके. त्यांच्या कातडीतून तेलकट स्राव येतो, त्यामुळे एवढ्या पावसात त्या तगतात. हॉर्न वाजवून त्या उठत नाहीत. थांबायचं. गुराखी पोर कुठेतरी असतंच, ते येतं आणि दोन शब्दांत रस्ता मोकळा करतं.

खोडाळ्याजवळ देवबांधचं गणपतीचं देऊळ आहे, जेवणाचा डबा तिथे उघडा. पुढे विहीगावपर्यंत जंगलातला रस्ता. धबधब्यावर उतरायला पायऱ्या आणि वाट आहे, आईंना नको. तसंही विहीगावचा धबधबा पावसाळी रविवारी गाड्यांनी भरलेला असतो. कसाऱ्याजवळ महामार्गाला लागलात की फेऱ्याची मजा संपते, पण घाट चढून इगतपुरीत शिरताना संध्याकाळचं ऊन मिळालं तर तेही चुकवू नका.

लोक तुम्हाला त्र्यंबक–घोटी रस्त्यावरचं पहिने सुचवतील. हा रस्ता खरंच देखणा आहे, वैतरणा धरणाचं पाणी मुंबई पिते, त्याचा जलाशय या रस्त्यालगत पसरलेला दिसतो. पण जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी तिथे जाऊ नका. दोन्ही कडांना गाड्या, मधे रुग्णवाहिकेलाही वाट नाही. हाच रस्ता मधल्या वारी सकाळी सातला बघा. शेतात आवणी, म्हणजे भाताची लावणी, चाललेली असते, घोंगड्या-इरली घेतलेल्या बाया ओळीने वाकलेल्या, आणि मागे ढगात अर्धा बुडालेला डोंगर. श्रावणी सोमवारी, विशेषतः तिसऱ्या, त्र्यंबकच्या बाजूला गाडीच घालू नका. ब्रह्मगिरीच्या फेरीला लाखो माणसं पायी निघालेली असतात आणि त्या दिवशी रस्ता त्यांचा.

सापुतारा जवळ आहे, दिंडोरी-वणीवरून रस्ता उत्तम, वर पोहोचलं की बाजार. वणीला मात्र आईंना न्या. नांदुरीहून सप्तशृंगगडाचा घाट छान आहे आणि 2018 पासून वर देवळापर्यंत फ्युनिक्युलर, म्हणजे उतारावर रुळांवरून चालणारी, ट्रॉली आहे, पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. भंडारदऱ्याचा जलाशयाभोवतीचा रस्ता, घाटघर, साम्रद, हे एका दिवसात घाईत करू नये. तिथे मुक्कामाने जा. जूनच्या पहिल्या सरींच्या आधी गेलात तर झाडंच्या झाडं काजव्यांनी लुकलुकतात, फक्त गाडीचे दिवे बंद ठेवा आणि मोबाइलचे तर नकोच.

मेमध्ये लोक या भागात येत नाहीत. मी येते. भाताच्या रोपांसाठी राब, म्हणजे पालापाचोळा, भाजून काळी झालेली वावरं, करवंदं आणि जांभळं पानांच्या द्रोणात विकायला बसलेल्या बाया, दुपारी पश्चिमेकडून चढणारे ढग. पैसे सुट्टे ठेवा आणि घासाघीस करू नका, ती करवंदं काट्यांतून तोडून आणलेली असतात.

धुक्याबद्दल एवढंच सांगते. दिवे खाली, काच थोडी उघडी म्हणजे समोरचा हॉर्न ऐकू येतो, आणि चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नका, मागच्याला तुम्ही थांबलात की वळताय ते कळत नाही. पुढचं वळण दिसेनासं झालं तर सरळ बाजूला घेऊन थांबा. दरडीच्या खाली मात्र थांबू नका. पेट्रोल नाशकातच भरून निघा.

आता खरा उघडा माळ हवा असेल तर एक रस्ता वेगळ्याच दिशेला आहे. सिन्नर, तिथून डुबेरे, ठाणगाव आणि वर पट्टा किल्ल्याचं पठार. डुबेऱ्यात बर्व्यांचा वाडा आहे, थोरल्या बाजीरावांचं ते आजोळ, त्यांचा जन्म 1700 साली इथलाच. ठाणगाव सोडून वर चढलं की झाडं मागे राहतात, गवत सुरू होतं आणि पवनचक्क्या दिसायला लागतात. 1679 मध्ये जालन्याच्या स्वारीहून परतताना शिवाजी महाराज पट्ट्यावर विसाव्याला थांबले, म्हणून तो विश्रामगड. किल्ल्यावर आईंना नेऊ नका, पठारावर गाडी उभी करून घडीची खुर्ची टाका. नोव्हेंबरमध्ये गवत सोनेरी झालेलं असतं, समोर औंढ्याचा सुळका, आणि वाऱ्याने ते सगळं गवत एका दिशेला वाहत असतं. दुपारी तीननंतर पोहोचा आणि अंधार पडायच्या आत घाट उतरा. वारा फार असतो तिथे, आईंच्या कानाला रुमाल बांधायला विसरू नका.