'पुट अस अप' आणि 'पुट अप विथ अस'

प्रश्न: नमस्कार सर. देवबागला आमचा छोटासा होमस्टे आहे, जेवण घरचंच. मध्यंतरी इंग्लंडच्या एका बाईंचा मेल आला, 'कॅन यू पुट अस अप फॉर टू नाइट्स?' मुलगा बारावीत आहे, त्याने लगेच उत्तर ठोकून दिलं, 'येस मॅडम, वी विल हॅपिली पुट अप विथ यू.' त्यावर बाईंचं आलं, 'आय प्रॉमिस, वी आर नॉट दॅट बॅड!' आणि पुढे हसरे चेहरे. त्या आल्या, राहिल्या, सोलकढी दोनदा मागून प्यायल्या, पण मुलाचे बाबा अजून त्याला विचारतात, 'काय लिवलस रे मेल्या तिका?' नक्की काय लिहिलं त्याने?
– एक वाचक, देवबाग (ता. मालवण)

उत्तर: ताई, तुमच्या मुलाने लिहिलं, 'हो मॅडम, आम्ही तुम्हाला आनंदाने सहन करू.' (मे महिन्यातली टुरिस्टांची गर्दी बघता अगदीच खोटं नाही म्हणा.)

बाईंनी विचारलेलं 'पुट अस अप' म्हणजे आम्हाला मुक्कामाला ठेवून घ्याल का. ब्रिटिश लोक हे सर्रास बोलतात, विशेषतः कुणाच्या घरी रात्र-दोन रात्री राहायचं असलं की. आणि 'पुट अप विथ' म्हणजे खपवून घेणं, निभावून नेणं, जसं आपण लोडशेडिंग निभावतो किंवा वरच्या आळीतला लाऊडस्पीकर.

आता खरी गोम कुठेय बघा. मुक्कामाच्या अर्थाने वापरताना माणूस 'पुट' आणि 'अप'च्या मध्ये बसतो. 'पुट अस अप', 'पुट देम अप'. 'पुट अप अस' असं कुणी म्हणत नाही. नाम असेल तर दोन्ही चालतं, 'पुट द गेस्ट्स अप' म्हणा नाहीतर 'पुट अप द गेस्ट्स'. पण पाठीमागून 'विथ' आलं की तिघं एकमेकांना घट्ट धरतात, मध्ये कुणाला शिरू देत नाहीत, माणूस असो की मच्छर, तो 'विथ'च्या पुढेच जातो. वाक्याच्या शेवटी प्रेपोझिशन नको असा हट्ट धरणाऱ्यांची टिंगल करायला इंग्रजीत एक जुना विनोद आहे, 'अप विथ विच आय विल नॉट पुट' (सरळ म्हणायचं तर 'विच आय विल नॉट पुट अप विथ', म्हणजे जे मी खपवून घेणार नाही). तो चर्चिलच्या नावावर खपवतात, पक्का पुरावा काही नाही, पण तिघांची ताटातूट केली की वाक्य कसं वेडंवाकडं होतं ते त्यात झकास दिसतं. मुलाला म्हणावं पुढच्या वेळी लिही, 'वी विल बी हॅपी टू पुट यू अप.'

बाकीचे अर्थ तुमच्या अंगणातच सापडतील. चतुर्थीला गणपतीच्या वर माटवी बांधता ते पुट अप, पावसाच्या आधी पडवीला झापं लावता ते पुट अप, रस्त्यावर 'रूम्स उपलब्ध'ची पाटी लावता तेही. उभारणं, लावणं, टांगणं सगळं यात येतं, आणि उतरवलं की 'टेक डाउन'. छत्री उघडणं हेही पुट अप. दिवाळीत आणि मेमध्ये रेट वाढवता तेव्हा 'वी पुट अप अवर रेट्स', म्हणजे तुम्ही मुद्दाम वाढवले. 'रेट्स वेन्ट अप' म्हटलं की कुणी वाढवले ते सोयीस्करपणे गुलदस्त्यात. जुनी होडी विकायला काढली तर 'पुट द बोट अप फॉर सेल', हा 'फॉर सेल' मात्र सोडू नका, नाहीतर समोरच्याला वाटायचं होडी उचलून कुठेतरी वर ठेवली.

एक मजेशीर अर्थ अमेरिकेत, त्यातही जुन्या खेड्यापाड्यांतल्या बोलण्यात. तिथे फळं-भाज्या उकळून बरण्यांत हवाबंद करून ठेवतात त्याला 'पुट अप' म्हणतात. म्हणजे आमरस आटवून बरण्या भरणाऱ्या आपल्या आज्या उन्हाळाभर पुट अपच करत होत्या.

प्रश्न: आमच्या ऑफिसात साहेब रोज म्हणतात, 'फाईल पुट अप करा.' हे इंग्लंडमध्ये कळेल का?
– एक लिपिक, रत्नागिरी

उत्तर: बहुतेक नाही. तिकडचा माणूस फाईल भिंतीवर लावायची का म्हणून खिळा शोधेल. मंजुरीसाठी साहेबांपुढे ठेवणं हा अर्थ आपल्याकडच्या सरकारी इंग्रजीतला, टिप्पणीत तुम्ही 'नस्ती सादर' लिहिता तोच. म्हणून तो चूक समजू नका, भारतभरच्या कचेऱ्या त्यावर चालतात, फक्त बाहेरच्या माणसाला लिहिताना 'सबमिट' वापरा. तसंच 'व्हेअर आर यू पुट अप?' म्हणजे कुठे उतरलात, हे मुंबईपासून गोव्यापर्यंत सगळ्यांना कळतं, पण लंडनवाल्याला 'व्हेअर आर यू स्टेइंग?' विचारलेलं बरं.

प्रश्न: 'हू पुट यू अप टू दिस?' यात मुक्काम कुठे आला?
– अकरावीतली विद्यार्थिनी, वेंगुर्ले

उत्तर: कुठेच नाही. 'पुट समबडी अप टू समथिंग' म्हणजे फूस लावणं, आणि कारभार बहुधा आगाऊपणाचाच असतो. वर्गात खडू फेकल्यावर बाई विचारतात ना, 'कोणी सांगितलं तुला हे करायला?', तेच हे. चांगल्या कामाला लावलं असेल तर 'एन्करेज्ड' म्हणा.