वाचक विचारतात : अॅम्पचा घुमारा कुठं गेला?

प्रश्न : ताई, नमस्कार. माझ्या मामांनी अमेरिकेतून कायमचं परत येताना जुना फेंडर डिलक्स रिव्हर्ब अॅम्प आणला. व्हॉल्व्हवाला (काचेच्या नळ्यांवर चालणारा), १९७० च्या दशकातला. स्टेपडाऊन (आपलं व्होल्टेज अमेरिकेइतकं उतरवणारा ट्रान्सफॉर्मर) लावून मी त्यावर गिटार वाजवतो. आवाज झकास आहे. पण गेल्या पावसाळ्यापासून रिव्हर्ब, म्हणजे आवाजाचा घुमारा, ये-जा करत होता आणि आता नॉब १० वर नेला तरी ढिम्म. एका दुकानात दाखवला, तर म्हणाले सगळे व्हॉल्व्ह बदलावे लागतील. आकडा ऐकून अॅम्प तसाच घरी आणला. काय करावं?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : घरी आणलात ते बरं केलंत. आवाज झकास आहे म्हणता, मग सगळे व्हॉल्व्ह बदलायचे कशाला? एका खोलीतला दिवा गेला म्हणून कुणी अख्ख्या घराचं वायरिंग काढत नाही.

आधी दोन बाळबोध गोष्टी बघा. राग मानू नका, या दोन्हींत मी स्वतः फसलेय. या अॅम्पला दोन चॅनल असतात, नॉर्मल आणि व्हायब्रेटो (आवाज थरथरवणारा). रिव्हर्ब फक्त व्हायब्रेटोला. केबल चुकून नॉर्मलला गेली असेल, तर नॉब कितीही फिरवा. दुसरी गोष्ट फूटस्विच, म्हणजे पायानं दाबायचं बटण. तो रिव्हर्ब बंद करतो म्हणजे रिव्हर्बचा सिग्नल अर्थला टेकवतो. त्याची वायर कुठं चेपून आतल्या आत चिकटली, की रिव्हर्ब कायमचा बंद. सांगलीच्या एका ऑर्केस्ट्रावाल्यांचा अॅम्प मी दोन दिवस उघडून बसले होते. शेवटी सापडलं ते खुर्चीच्या पायाखाली सपाट झालेलं फूटस्विचचं केबल. म्हणून मागचा फूटस्विचचा प्लग काढूनच टाका. प्लग नसला तरी रिव्हर्ब चालतो, व्हायब्रेटो तेवढा चालणार नाही.

तरी ढिम्मच असेल, तर आता खरी परीक्षा. अॅम्प चालू ठेवा, रिव्हर्बचा नॉब ४ वर, व्हॉल्यूम बेताचा. कॅबिनेट एका बाजूनं बोटभर उचला आणि हलकेच खाली टेकवा. आमचे आप्पा लक्ष्मीपुरीत रेडिओ दुरुस्त करायचे, त्यांचं सांगणं होतं, "आधी हाक मार, मग दार उघड." ही ती हाक. पत्र्याच्या छपरावर नारळ पडल्यासारखा धडाम-झण्ण आवाज आला, तर निम्मा अॅम्प शाबूत आहे.

कुठला निम्मा, ते कळायला आतली वाट माहीत हवी. गिटारचा सिग्नल आत फुटतो. एक फाटा सरळ पुढं जातो. दुसरा रिव्हर्बच्या ड्रायव्हर व्हॉल्व्हकडून एका छोट्या ट्रान्सफॉर्मरमध्ये, तिथून कॅबिनेटच्या तळाशी पिशवीत ठेवलेल्या पत्र्याच्या लांबट डब्यात. त्याला टँक म्हणतात. टँकच्या एका टोकाला कॉइल, तिच्या तोंडाशी इवलंसं चुंबक आणि त्याला अडकवलेल्या लांब स्प्रिंगा. कॉइल चुंबकाला पिळते, तो पीळ स्प्रिंगेतून पलीकडच्या टोकाला जातो, आपटून परत येतो, पुन्हा जातो. पलीकडची कॉइल हे सगळं ऐकते आणि दुसऱ्या व्हॉल्व्हकडून ते मूळ आवाजात मिसळलं जातं. पन्हाळ्याच्या गंगा कोठीत टाळी वाजवली की भिंती जे करतात, ते इथं स्प्रिंगा करतात. ही युक्ती मुळात हॅमंड ऑर्गनवाल्यांची, घरच्या ऑर्गनला चर्चसारखा घुमारा यावा म्हणून. फेंडरनं १९६१ साली वेगळ्या पेटीत ती गिटारसाठी आणली आणि १९६३ च्या व्हायब्रोव्हर्बमध्ये अॅम्पच्या पोटातच घातली.

तर, धडाम आवाज आला म्हणजे स्प्रिंगेपासून पुढची बाजू ठीक. दोष स्प्रिंगेच्या अलीकडं : ड्रायव्हर, ट्रान्सफॉर्मर, जाणारी केबल किंवा टँकची पहिली कॉइल. आवाज आलाच नाही, तर आधी पलीकडची कॉइल आणि परतीची केबल बघायची.

तुमचा रिव्हर्ब पावसाळ्यात ये-जा करत होता, या एका वाक्यावर मी पैज लावते की दोष टँकमध्ये किंवा केबलींत आहे. व्हॉल्व्ह पाऊस बघून आजारी पडत नाही. आपल्याकडची जून ते सप्टेंबरची ओल पितळी प्लगवर हिरवा थर चढवते. अॅम्प बंद करून टँकवरच्या दोन्ही आरसीए केबली (जुन्या टेपरेकॉर्डरला असायच्या तशा गोल प्लगच्या) काढा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, चार-पाच वेळा आत-बाहेर करा. तेवढ्यानं रिव्हर्ब परत आला तर मला एक कटिंग चहा.

नाही आला तर मल्टिमीटर काढा. केबली काढलेल्याच असू द्या. टँकच्या इनपुटला जेमतेम १ ओहम दिसायला हवा, आउटपुटला २०० च्या आसपास. स्वस्त मीटरच्या पिना एकमेकींना टेकवल्या तरी ०.३-०.४ दाखवतात, तेवढं वजा करा. आकडा येतच नसेल, तर तिथली वायर तुटली.

बहुतेक वेळा ती कुठं तुटते, सांगते. टँक पिशवीतून काढून उलटा करा. आत आणखी एक पत्र्याचं तबक चार बारक्या स्प्रिंगांवर झुलताना दिसेल. कॉइलपासून आरसीएच्या सॉकेटापर्यंत केसाइतक्या बारीक वायरी आलेल्या असतात. भिंग लावून त्यांची टोकं बघा. सोल्डरच्या थेंबाशी, अगदी कडेला, वायर काळी-हिरवी पडून सुटलेली असते. बघताना जोडलेलीच वाटते. टूथपिकनं हलकं ढकललं की हलते. टोक ब्लेडनं एका श्वासात खरवडा (दोनदा खरवडलंत तर वायरच राहायची नाही), बारीक टोकाच्या सोल्डरिंग आयर्ननं एक थेंब द्या आणि वायरीला थोडी ढील ठेवा. ताणून सोल्डर केलेली वायर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा माझ्याकडं येते. लांब स्प्रिंगांना चिमट्यानं ओढायचं नाही. एकदा ताणली की ती गेली.

टँकचे आकडे बरोबर निघाले तर जाणाऱ्या केबलीवर एक गंमत करा. जुन्या रेडिओचा ८ ओहमचा स्पीकर असेल, तर त्याच्या दोन वायरी टँकऐवजी त्या प्लगला लावा आणि गिटार छेडा. स्पीकरमधून चिरका, बारका गिटार ऐकू आला की ड्रायव्हर आणि ट्रान्सफॉर्मर दोन्ही ठणठणीत. आला नाही तर अॅम्प बंद करून व्हॉल्व्ह थंड होऊ द्या. मागून बघताना उजवीकडून तिसरा व्हॉल्व्ह म्हणजे ड्रायव्हर, १२एटी७. आप्पांच्या पिढीला तो ईसीसी८१ म्हणून माहीत. त्याच रांगेत सहावाही १२एटी७च असतो. दोघांची अदलाबदल करा. रिव्हर्ब परत आला, तर एकच व्हॉल्व्ह घ्यायचाय. सगळे नव्हे.

यापुढं चासी (सर्किट बसवलेली पत्र्याची पेटी) उघडावी लागते, आणि तिथं मी तुम्हाला थांबवते. आत ४०० व्होल्टच्या वर डीसी असतो आणि स्विच बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये तो दबा धरून बसतो. नवशिकी होते तेव्हा प्लग काढलाय या भरवशावर मी एका रेडिओत बोट घातलं. दुकानाच्या मागच्या भिंतीपर्यंत गेले. आप्पा चहा पीत होते, ते उठलेसुद्धा नाहीत, म्हणाले, "आता कळलं ना?" ट्रान्सफॉर्मर जळलाय की ड्रायव्हरच्या कॅथोडचा २.२ किलोओहमचा रेझिस्टर तुटलाय, हे व्हॉल्व्हचं काम केलेल्या माणसालाच बघू द्या.

प्रश्न : माझ्या अॅम्पचा रिव्हर्ब चालतो, पण नॉब वाढवला की हम्म वाढतो. आणि स्टेजवर मोठ्यानं वाजवलं की अॅम्प स्वतःच ओरडायला लागतो.
— इचलकरंजी

उत्तर : हे दोन वेगळे दोष आहेत. हम्मसाठी टँकचे स्क्रू सोडवून, अॅम्प चालू असताना तो हातानं इंच-दोन इंच सरकवा, मग टोकं उलटसुलट करून बघा. आउटपुटचं टोक पॉवर ट्रान्सफॉर्मरपासून जितकं लांब तितकं शांत. जागेनं फरक पडलाच नाही, तर बहुधा परतीच्या केबलीच्या आवरणातली तारेची जाळी तुटलीय, केबल बदला. ओरडणं वेगळं : स्पीकरचा हादरा लाकडातून स्प्रिंगांना पोचतोय. टँकखालचा पुठ्ठा किंवा फोम हरवला असेल, नाहीतर टँक लाकडाला करकचून आवळला असेल. स्क्रू थोडे ढिले करा.

प्रश्न : माझ्या डिलक्स रिव्हर्बसाठी नवा टँक ऑनलाइन मागवला, लांबी तीच, बसलाही नीट. पण रिव्हर्ब अगदी मेलेला येतो. नवा टँक खराब निघाला का?
— शाहूपुरी

उत्तर : टँकवरचा शिक्का वाचा. तुमच्या जातीच्या अॅम्पला ४एबी३सी१बी लागतो. त्यातलं पहिलं अक्षर इनपुटचं : ए म्हणजे ८ ओहम, ई म्हणजे ६००. तुमच्या शिक्क्यावर ए च्या जागी ई असणार. डबा तोच, स्प्रिंगा त्याच, पण छोटा ट्रान्सफॉर्मर ८ ओहमला पोसायला बसलाय, ६०० च्या कॉइलला त्याच्याकडून काही पोचत नाही. टँक चांगलाच आहे, परत पाठवून बदलून घ्या. आणि शेवटचं अक्षर बी आहे याचीही खात्री करा. ते उघडी बाजू खाली ठेवून बसवायच्या टँकचं आहे.