रात्रीचं फरसाण आणि दुसऱ्या दिवसाचा दंड

प्रश्न : मी ४१ वर्षांची, नाशिकला एका पतसंस्थेत हिशेब विभागात आहे. ताण आला की रात्री सगळे झोपल्यावर स्वयंपाकघरात उभ्यानेच काहीबाही खात राहायचं, ही माझी जुनी सवय. ऑक्टोबरपासून पाच महिने ती सुटली होती, वजनही सहा किलो उतरलं. मार्चमध्ये सासरे पंधरा दिवस दवाखान्यात होते, त्यातच वर्षअखेरीचं काम. ऑफिसातून थेट दवाखान्यात जायचं म्हणून संध्याकाळचा दुसरा डबा नेणंही बंद झालं. एका रात्री शेवेचा २०० ग्रॅमचा पुडा संपवला. सकाळी काट्यावर १ किलो ४०० ग्रॅम जास्त! तो दिवस नुसत्या चहावर काढला, रात्री पुन्हा तेच. आता सहा आठवडे झाले, आठवड्यातून तीन-चार रात्री हाच प्रकार. प्रायश्चित्त म्हणून संकष्टी आणि एकादशी दोन्ही धरायला लागलेय. नवरा म्हणतो, "झालं का परत सुरू?" पाच महिन्यांची मेहनत वाया गेली. माझ्यात मनोनिग्रहच नाही का?
ता. क. घरात फरसाण आणणंच बंद करू का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर :

ताई, तुमचं काम आकड्यांचं, म्हणून आधी काट्याचाच हिशेब तपासू. १०० ग्रॅम शेवेत साधारण ५५० कॅलरी धरा. पुडा २०० ग्रॅमचा, म्हणजे ११००. एक किलो चरबी साठायला ढोबळमानाने ७७०० कॅलरी जास्तीच्या लागतात. तो अख्खा पुडा, एक कणही न जळता, चरबी होऊन बसला असता तरी भर पडली असती दीडशे ग्रॅमच्या आत. १ किलो ४०० ग्रॅम चरबी वाढवायची तर रोजचं जेवण जेवून वर जवळजवळ दोन किलो शेव एका रात्रीत खावी लागेल. तेव्हा काट्याने दाखवलं ते बहुतेक पाणीच होतं. फरसाणातलं मीठ पाणी धरून ठेवतं. पिठाचा काही भाग यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन (साठवणीतली साखर) म्हणून साठतो आणि त्याच्या दर ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी अडकतं. शिवाय खाल्लेलं अन्न अजून आतड्यात असतंच. तीन-चार दिवस नेहमीसारखं जेवलं की हा फुगवटा आपोआप उतरतो. त्या सकाळी काट्यावर उभं राहायलाच नको होतं. यापुढे वजन आठवड्यातून एकदाच करा, एकाच वारी, सकाळी उपाशीपोटी. आणि रात्री जास्त खाणं झालं असेल तर पुढचे चार दिवस नाही.

खरं नुकसान झालं ते चहाच्या दिवसाने. दिवसभर पोट रिकामं ठेवलं की रात्री नऊला भूक साधी राहत नाही, आणि थकलेल्या, उपाशी माणसाला पिठलं-भात दिसत नाही, त्याला तळलेलं आणि गोड दिसतं. त्यात मनाची भर पडते, 'आता मोडलंच आहे तर संपवूनच टाकू'. हर्मन आणि मॅक या संशोधकांनी १९७५ मध्ये हे कॉलेजातल्या मुलींवर करून पाहिलं होतं. आधी मिल्कशेक पाजला, मग चव सांगण्याच्या निमित्ताने हवं तेवढं आइस्क्रीम खाऊ दिलं. ज्या एरवी खाण्यावर बंधन ठेवत नव्हत्या त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. ज्या कायम मोजूनमापून खायच्या, त्यांनी मात्र जास्त खाल्लं. नियम एकदा मोडला की त्यांच्या लेखी त्या दिवसापुरतं सगळंच माफ झालं. तुमच्याकडे हाच फेरा उलटसुलट फिरतोय. रात्री खाणं, दिवसा दंड, दंडामुळे भूक आणि भुकेमुळे पुन्हा रात्री खाणं.

आता मनोनिग्रहाचं. तुमच्या पत्रातलं एक वाक्य तुम्ही ओझरतं लिहून पुढे गेलात, ते म्हणजे दुसरा डबा बंद झाल्याचं. माझ्या मते सगळी गोष्ट तिथे आहे. ऑफिसात जेवण दीडला होत असेल. संध्याकाळी दवाखाना, घरी यायला आठ, सगळ्यांना वाढून तुम्ही बसणार साडेनऊला. म्हणजे मध्ये आठ तास पोटात चहाशिवाय काही नाही. त्यात दवाखान्यातल्या जागरणांनी झोप तुटलेली. झोप कमी झाली की भूक वाढवणारं घ्रेलिन हे संप्रेरक वाढतं आणि पोट भरल्याचं कळवणारं लेप्टिन कमी होतं, असं काही अभ्यासांत दिसलंय. पाच महिने तुम्ही सावरलेल्या होतात त्यात निग्रहाचा वाटा कमी होता, त्या डब्याचा जास्त. तो सुटला तेव्हा बाकीचं टिकणं अवघडच होतं. पाच महिन्यांत जमवलेलं काही पुसलं गेलेलं नाही. डबा पुन्हा सुरू करायचा आहे.

तर उद्यापासून वेळापत्रक, आणि पहिले तीन आठवडे वजन कमी करायचा विषयही नको. दोन खाण्यांमध्ये चार-पाच तासांपेक्षा जास्त अंतर पडू द्यायचं नाही. ऑक्सफर्डचे मानसोपचारतज्ज्ञ ख्रिस्तोफर फेअरबर्न यांच्या उपचारपद्धतीत अनावर खाण्यावरच्या पहिल्या पायऱ्यांपैकी ही एक, आधी वेळा बांधायच्या. सकाळी साडेआठला नाश्ता, दोन घावन किंवा वाटीभर पोहे आणि सोबत एक अंडं किंवा वाटीभर दही. नुसत्या पोह्यांवर अकरालाच भूक लागते. दीडला डबा. साडेपाचला दुसरा डबा, मूठभर फुटाणे (साधारण ३० ग्रॅम) आणि एक केळं, किंवा वाटीभर मटकीची उसळ. हा डबा भूक नसली तरी खायचा. तो साडेपाचसाठी नाहीच मुळी, रात्री साडेदहासाठी आहे. रात्रीच्या जेवणात दोन पोळ्या, भाजी आणि वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ. आणि सगळ्यांबरोबरच बसा. सगळ्यांचं झाल्यावर एकटीने बसलं की भाजी तळाशी गेलेली असते, मग अर्ध्या पोळीवर भागवायचं आणि आवरताना मुलांच्या ताटातलं उरलंसुरलं तोंडात टाकायचं. त्याला जेवण म्हणत नाहीत. उरलेलं डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवा. अन्न टाकायचं नाही म्हणून ते तुमच्या पोटात टाकायलाच हवं असं नाही.

उपवासाचं मात्र स्पष्ट सांगते. श्रद्धेने, लहानपणापासून चालत आलेला उपवास करत असाल तर जरूर करा. पण शिक्षा म्हणून धरलेला उपवास तुमच्या दुखण्याला खतपाणीच घालतो. त्यातही संकष्टी वाईट, कारण सोडायची चंद्रोदयानंतर, म्हणजे बऱ्याचदा रात्री नऊच्या पुढे. दिवसभर चहा आणि चार वेफर्स, मग साडेनऊला मोदकांसकट पूर्ण ताट आणि साडेअकराला फरसाणाचा डबा. पुढचे तीन महिने नवे धरलेले उपवास थांबवा. जुना असेल तर तो पोटभर फराळाने करा. सकाळी दूध आणि फळ, दीडला वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, संध्याकाळी साडेपाचला राजगिऱ्याचा लाडू किंवा मूठभर दाणे.

एवढं करूनही एखादी रात्र घसरेल. ती घसरणार हे धरूनच चला. त्या रात्री इतकंच करायचं, खाणं थांबलं की भांडं सिंकमध्ये ठेवायचं, दात घासायचे, झोपायचं. रडत बसून उद्यापासूनचे कडक नियम आखायचे नाहीत. रात्री साडेअकराला आखलेला नियम सहसा दुसऱ्या दिवशीचं जेवण कापणाराच असतो. सकाळी भूक नसली तरी साडेआठलाच नाश्ता, हवं तर निम्मा. दुपारी नेहमीचा डबा. जास्तीचं चालणं नाही, लिंबूपाण्यावर दिवस नाही. त्याच दिवशी एका वहीत चार रकान्यांत चार गोष्टी लिहा. किती वाजता खाल्लं, त्याआधी शेवटचं कधी खाल्लं होतं, आधीच्या दोन तासांत काय घडलं, आणि तो पदार्थ घरात आला कसा. कॅलरी लिहू नका. 'मी अशी का' हेही नको. पाच-सहा नोंदी झाल्या की त्यांतलं सारखं काय ते तुम्हालाच दिसेल, खतावणीतली चूक पकडता तसंच. बहुतेक वेळा दुसऱ्या रकान्यातलं अंतर पाच तासांच्या वर निघतं. निघालं नाही, तर तिसरा रकाना नीट वाचा.

कारण तुमचा ताण खोटा नाही, आणि पोट भरलेलं असतानाही हात डब्याकडे जाईलच. तेव्हा एक साधी चाचणी घ्या. आत्ता कुणी गार भाकरी आणि पिठलं पुढे ठेवलं तर खाईन का? 'हो' असेल तर भूक आहे. ताट घ्या, बसा, जेवा, रात्रीचे अकरा असले तरी. 'नाही, शेवच हवी' असेल तर राग, थकवा नाहीतर एकटेपणा आहे. खाण्याची उबळ सहसा पंधरा-वीस मिनिटांत चढते आणि ओसरते, तेवढा वेळ स्वयंपाकघराबाहेर काढायचा. गरम पाण्याने अंघोळ, खाली सोसायटीत दोन चकरा, बहिणीला फोन, काहीही, पण आधी ठरवून फ्रीजवर लिहिलेलं. त्या वेळी सुचत नाही. मोबाइल त्या यादीत नको. तो बघता बघता दुसऱ्या हाताने डबा उघडला जातो. वीस मिनिटांनंतरही हवीच असेल तर खा, पण वाटीत काढून, डब्याचं झाकण लावून, खुर्चीवर बसून. उभ्याने डब्यातून खाताना किती खाल्लं ते डोळ्यांना कधीच कळत नाही.

यजमानांचा टोमणा हेही तिसऱ्या रकान्यातलंच कारण आहे. ते बोलले की तुम्ही त्यांच्यासमोर कमी खाणार आणि ते झोपल्यावर जास्त. भांडणाच्या वेळी नाही, रविवारी सकाळी शांतपणे सांगा. "मी काय खाते यावर काही बोलू नका. मदत करायची असेल तर सोमवार ते शुक्रवार रात्रीची मागची आवराआवर आणि ओटा तुम्ही करा." दुसरं वाक्य पहिल्याइतकंच महत्त्वाचं. रात्री साडेदहाला स्वयंपाकघरात एकटी उभी असायचं कारणच त्याने जातं.

डॉक्टरांकडे कधी जायचं? अनावर खाणं आठवड्यातून एकदा तरी आणि असं तीन महिने चाललं, खाताना थांबताच येईना, पोट दुखेपर्यंत आणि लपून खाल्लं जात असेल, तर तो आजार असतो, त्यावर उपचार आहेत. तुमचे सहा आठवडे झालेत. वरचं सगळं तीन आठवडे नेटाने करूनही रात्री तितक्याच राहिल्या तर तीन महिने भरायची वाट न पाहता मानसोपचारतज्ज्ञांना किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टना भेटा. खाल्लेलं उलटी करून काढावंसं वाटत असेल, जुलाबाची औषधं घेत असाल किंवा जगणं नकोसं वाटत असेल तर लगेच. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जेवण चुकवणं तुमच्यासाठी धोक्याचं आहे, हे उपवासालाही लागू. स्टेरॉइड आणि झोपेसाठी-नैराश्यासाठी दिलेली काही औषधंही भूक वाढवतात. मार्चपासून काही नवीन सुरू झालं असेल तर डॉक्टरांना विचारा, स्वतः बंद करू नका.

ता. क.चं उत्तर, फरसाण आणणं बंद करू नका. एकत्र घरात ते टिकणार नाही. सासूबाई पाहुण्यांसाठी आणणारच, आणि बंदी घातलेला पदार्थ मनात अधिकच बसतो. फक्त किलोचा डबा भरणं थांबवा. ५० ग्रॅमच्या पुड्या आणा, महाग पडल्या तरी, आणि शेव दुपारच्या मिसळीवर किंवा पोह्यांवर, सगळ्यांसमोर, आठवड्यातून दोनदा ठरवून खा. मोठा पुडा घरी आलाच तर आल्याबरोबर लहान डब्यांत वाटून टाका. ते काम जेवण झाल्यावर करा, आधी नाही.