डर्बनमध्ये आई-बाबांना काय दाखवाल?

नोकरीनिमित्त डर्बनला आलात, जूनमध्ये आई-बाबा महिनाभरासाठी येतायत, दोघंही सत्तरीच्या आसपास, शाकाहारी, आणि ज्याला विचारावं तो समुद्र, मत्स्यालय आणि मॉल एवढंच सांगतो, असं तुम्ही लिहिलंय. मी इथे बरीच वर्षं राहतोय आणि आलेल्या पाहुण्यांना शहर दाखवायला मला मनापासून आवडतं, म्हणून सविस्तर लिहितो.

महिना उत्तम निवडलाय. जून हा इथला हिवाळा, म्हणजे पुण्यातल्या डिसेंबरसारखी हवा. पाऊस नावापुरता, दुपारी 22-23 अंश, पहाटे मात्र स्वेटर लागतो. डिसेंबर-जानेवारीतला दमटपणा त्या वयात सोसत नाही.

समुद्रापासूनच सुरुवात करा, पण सकाळी. कोकण-मुंबईच्या माणसाला सूर्य समुद्रात बुडताना पाहायची सवय असते, इथे तो समुद्रातून वर येतो. जूनमध्ये सूर्योदय सातच्या थोडा आधी होतो, त्यामुळे फार लवकर उठावंही लागत नाही. उशाका मरीन वर्ल्ड या मत्स्यालयापासून उम्गेनी नदीच्या मुखाशी असलेल्या ब्लू लगूनपर्यंत साधारण आठ किलोमीटरचा सपाट रस्ता आहे, फक्त पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठी. जागोजागी बाकं आहेत, दमलं की बसता येतं. धक्क्यांवर गळ टाकून बसलेली माणसं, लाटांवर फळ्या घेऊन गेलेली पोरं, बाहेर नांगर टाकून बंदरात शिरायची वाट पाहणारी जहाजं. आतल्या गावांहून आलेली कुटुंबं प्लॅस्टिकच्या बाटल्यांत समुद्राचं पाणी भरून घेताना दिसतील, ते औषधी मानून घरी नेतात. पांढऱ्या झग्यातली मंडळी लाटांत उभी राहून बाप्तिस्मा देत असतात. अशा वेळी फोटो काढू नका, थोडं लांब उभं राहून पाहा.

हे सगळं ज्या वाळूवर चालतं, ती वाळू वर्णभेदाच्या काळात वंशानुसार वाटलेली होती. डर्बनचे किनारे सर्वांना खुले व्हायला 1989 साल उजाडावं लागलं. आई-बाबांना हे आधी सांगा. मग रविवारी दुपारची तिथली गर्दी ते वेगळ्या नजरेनं पाहतील.

मणी आणि शिंगांचे भव्य मुकुट घातलेले झुलू रिक्षावाले याच रस्त्यावर दिसतात. हातरिक्षा इथे 1890च्या दशकात आल्या आणि एके काळी शहरात हजारोंनी होत्या, आता मोजक्या उरल्यात. फोटोचेही पैसे द्यायचे असतात, ते आधी ठरवा आणि घासाघीस न करता द्या. त्यांचं पोट त्यावर आहे.

स्टेडियमकडे एक चक्कर पुरेशी आहे. 2010च्या फुटबॉल विश्वचषकासाठी बांधलेलं मोझेस मभिदा, त्यावरची 106 मीटर उंच कमान शहरात बऱ्याच ठिकाणांहून दिसते. कमानीच्या माथ्यावर जाणारी गाडी चालू आहे का, ते निघण्याआधी विचारून घ्या. वडील क्रिकेटवाले असतील तर जवळच किंग्जमीड आहे. युवराजने 19 सप्टेंबर 2007ला स्टुअर्ट ब्रॉडला सहा षटकार मारले ते मैदान.

आता ज्यासाठी मी हे लिहायला बसलो, ते वॉरविक. रेल्वे, बस आणि मिनीबस टॅक्सी जिथे एकत्र येतात तो हा भाग. रोज चार लाखांहून जास्त माणसं इथून जातात असा अंदाज आहे. पर्यटकांना इथे जाऊ नका म्हणून सांगतात, आणि त्यामुळे ते डर्बन न पाहताच परत जातात. अर्ली मॉर्निंग मार्केट हा शंभर वर्षांहून जुना भाजीबाजार. ऊसमळ्यांवरच्या मजुरीचा करार संपल्यावर ज्या भारतीय मजुरांनी तुकडा-तुकडा जमीन घेऊन भाजी पिकवली, त्यांच्या वंशजांचे गाळे अजून इथे आहेत, शेजारी झुलू बायकांचे गाळे आहेत. कढीपत्ता, कोथिंबीर, भेंडी, हिरवी मिरची, आईला हवं ते सगळं मिळेल. 2009मध्ये हा बाजार पाडून मॉल बांधायचा बेत होता. भारतीय आणि आफ्रिकी विक्रेते मिळून लढले आणि बाजार वाचला. त्या लढ्याबद्दल मला फार आदर आहे, म्हणून माझी भाजी मी शक्यतो तिथूनच आणतो.

पलीकडे अर्धवट राहिलेल्या उड्डाणपुलांवर झुलू वैद्यांचा मुळ्या-सालींचा बाजार भरतो. आसिये एताफुलेनी ही संस्था तिथल्या विक्रेत्यांसोबत काम करते आणि माहितगार माणसासह हे बाजार फिरवते. पहिल्यांदा त्यांच्याबरोबरच जा. सकाळी जा, दागिने घरी ठेवा, फोन खिशात ठेवा, अंधार पडल्यावर मध्यवर्ती भागात पायी फिरू नका. या शहरात गुन्हे होतात, त्यामुळे ही काळजी घ्यायचीच.

तिथून ग्रे स्ट्रीट जवळ आहे. पाटीवर आता डॉ. युसुफ दादू स्ट्रीट लिहिलेलं असतं, लोक दोन्ही नावं वापरतात. जुमा मशिदीचे सोनेरी घुमटांचे मिनार, बाजूला इमॅन्युएल कॅथेड्रल, आणि दोघांच्या मधून जाणारी मदरसा आर्केडची अरुंद गल्ली. जेवायला बनी चाऊ घ्या. पांढऱ्या पावाचा चौथा भाग कोरून त्यात गरम रस्सा भरतात. तुम्ही ‘क्वार्टर बीन्स’ मागा. शाकाहारी आहे आणि माझ्या मते मटणापेक्षा सरस. सोबत गाजर-कांदा-मिरचीची कोशिंबीर येते. हातानेच खायचं.

इथे एक विनंती. दुकानदाराचं नाव नायडू, सिंग किंवा पटेल निघालं की आपली माणसं लगेच ‘तुमचं गाव कोणतं?’ विचारतात. ऊसमळ्यांसाठी करारावर आणलेल्या भारतीय मजुरांचं पहिलं जहाज ‘ट्रुरो’ मद्रासहून इथे 16 नोव्हेंबर 1860ला लागलं. 1911पर्यंत दीड लाखाहून जास्त मजूर आले. त्यांची आज पाचवी-सहावी पिढी आहे. डर्बन हेच त्यांचं गाव, आणि हिंदी किंवा तमिळ येत नाही म्हणून त्यांना कमी लेखायचा आपल्याला काही अधिकार नाही. वर्णभेदाच्या काळात भारतीयांसाठी वसवलेल्या चॅट्सवर्थ या वस्तीत कसे फेकले गेलो, आजीचं घर कुठे होतं, हे विचारलंत तर तासभर बोलतील.

शहराच्या वायव्येकडच्या इनांडा या भागासाठी अर्धा दिवस आणि एक चांगला वाटाड्या ठेवा. गांधीजींनी 1904मध्ये वसवलेला फीनिक्स आश्रम तिथे आहे. 1985च्या दंगलीत तो जाळला गेला, नंतर पुन्हा उभारला. तिथून थोड्याच अंतरावर आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे पहिले अध्यक्ष जॉन दुबे यांची ओहलांगे शाळा. मंडेलांनी 27 एप्रिल 1994ला आपलं पहिलं मत या शाळेत दिलं आणि दुबेंच्या समाधीचं दर्शन घेतलं. 1912च्या नोव्हेंबरमध्ये गोपाळ कृष्ण गोखले, आपल्या गुहागर तालुक्यातल्या कोतळूकचे, या दोन्ही ठिकाणी येऊन गेले. करारमुक्त मजुरांवरचा तीन पौंडांचा कर रद्द व्हावा म्हणून त्यांनी दक्षिण आफ्रिकेच्या मंत्र्यांकडे आग्रह धरला होता, तो 1914मध्ये रद्द झाला. मराठी माणूस डर्बनला येऊन इनांडा न पाहता गेला की मला खरंच वाईट वाटतं.

उरलेल्या दिवसांसाठी बोटॅनिक गार्डन. 1849पासूनची ही बाग, प्रवेश मोफत. तिथला वुड्स सायकॅड, ताडासारखं दिसणारं एक दुर्मीळ झाड, आवर्जून दाखवा. 1895मध्ये न्गोये जंगलात या जातीचं एकच झाड सापडलं, तेही नर. मादी आजवर कुठेच मिळाली नाही, त्यामुळे जगातली या जातीची सगळी झाडं त्या एकाच झाडाच्या फुटव्यांची. डबा उघडलात तर माकडांपासून सांभाळा. साळुंक्या दिसतील, त्यांचेही पूर्वज भारतातून आणलेले.

जूनमध्येच कॉम्रेड्स मॅरेथॉन असते, पीटरमॅरिट्झबर्ग आणि डर्बनच्या दरम्यान सुमारे 90 किलोमीटर. 1921पासूनची ही शर्यत, पुण्या-मुंबईचेही धावपटू येतात. सहसा एक वर्ष ती इथे संपते, पुढच्या वर्षी इथून सुटते. यंदा कोणत्या दिशेची आहे ते पाहून ठेवा आणि रस्त्याकडेला खुर्च्या टाका.

समुद्रात पाय बुडवण्याआधी त्या दिवशीच्या पाण्याची सूचना वाचा. एप्रिल 2022च्या पुरानंतर सांडपाण्यामुळे किनारे अनेकदा बंद ठेवावे लागलेत. आई-बाबांना गुडघ्यांचा त्रास असेल तर कळवा, वॉरविकमध्ये पुलांचे जिने टाळून कसं जायचं ते सांगतो.